प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं

निवतीच्या शाळेत, मुलांची बाकं भिंतीला लावून
परिसंवाद ठेवला होता : बंदराला नवा धक्का हवा की नको.
मी 'हवा'च्या बाजूने, कुडाळहून बोलावलेला,
सव्वीस वर्षं पोरांना वादविवाद शिकवणारा माणूस.
'नको'च्या बाजूने वकील परुळेकर, माझाच जुना विद्यार्थी,
वाक्याआधीच्या माझ्या खोकल्यासकट तयार झालेला.
माईक दशावतारी मंडळाकडून मागून आणलेला,
त्याच्या मानेवर कुठल्याशा राक्षसाचा तांबडा रंग.

भाषण बरं झालं. बर्फाचा कारखाना, डिझेलचा पंप,
सुरमईला थेट भाव. टाळ्या मापात.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं : प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटं.

पोरांना मी सांगतो,
प्रश्न आला की आधी पाणी प्या.
म्हणा, छान प्रश्न आहे.
मग तो आपल्या शब्दांत पुन्हा सांगा, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून,
आणि सांगता सांगता काटे काढून घ्या,
पेडव्याचे काढतात तसे,
खाणाऱ्याला कळू न देता.

पहिले दोन असेच सोलले.
तिसरा प्रश्न नव्हताच, भाषण होतं; त्याला 'सूचना' म्हटलं.

चौथी चंपावती मेथर. मागच्या दारात, उंबऱ्यावरूनच.
माईक पुढे केला तर नको म्हणाली.
'दोरीक हात लावता तेका वाटो. रापणीचो कायदो तो.
माझो घोव जावन आठ वर्सां झाली.
मी सगळ्यांच्या मागे ऱ्हवतंय, दोरीक हात लावतंय,
वाटो घेवन घराक येतंय.
तुमच्या धक्क्यार दोरी खंय?'

मी पाणी प्यालो.
छान प्रश्न आहे. ताई विचारतायत,
पारंपरिक मच्छीमारांच्या रोजगाराचं काय.
'नाय,' ती म्हणाली. 'ह्यां मी इचारूक नाय.'

कुणीतरी हसलं. परुळेकर हसला नाही,
त्याने पेनाला टोपण लावलं.
मी म्हटलं, म्हणजे विधवांसाठी काही योजना...
'नाय.'
मग नुकसानभरपाईचा...
'तां पण नाय. मी इचारलंय तसां सांगा.'

तेव्हा सांगावं लागलं, तिच्याच शब्दांत, माईकवर,
आई गेल्यापासून तोंडात न आलेल्या बोलीत.
दोरीक हात लावता तेका वाटो.
धक्क्यार दोरी खंय?

कर्ण्यातून ते आवारातल्या सुरूंपर्यंत गेलं,
आणि कुणीतरी उत्तर देईल म्हणून
मीही सगळ्यांबरोबर वाट पाहत राहिलो.

'माका म्हायत नाय,' मी म्हटलं.

प्रतिस्पर्धी पडला की थांबू नका, हेही मीच शिकवलेलं.
परुळेकर उठला, माईकपर्यंत आला,
आणि अध्यक्षांना म्हणाला, पंखा जरा वाढवता का.
त्याच्याकडेही नव्हतं.
खिडकीकडचा एक म्हातारा बसल्या जागेवरून बोलला,
'रापण तरी खंय ऱ्हवली हा? सतरा माणसां जमतत.'
'सतरात मी आसंय,' चंपावती म्हणाली,
आणि चपला शोधायला लागली.

अकरा मिनिटं उरली होती. ती कुणालाच नको होती.
ठराव मताला टाकलाच नाही, चहा आला.
परुळेकरने गाडीतून सोडतो म्हटलं. पाटपर्यंत
आम्ही त्याच्या मुलीच्या दहावीबद्दल बोललो.

सोमवारी वर्गात नेहमीचाच तक्ता लिहिला,
करंडक पंधरा दिवसांवर आला होता.
पाणी. छान प्रश्न. आपल्या शब्दांत...
इथे खडू मोडला. खरंच मोडला, उपमा म्हणून नाही.
वाकून तुकडा उचलला, तो फार लहान होता,
डब्यातून दुसरा घेतला.